न्यूक्लिओसोम सरकला, हे कळते कसे?

१९८४ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळा बिघडलेले यीस्ट गोळा करत होत्या. मेरियन कार्लसन यांच्या प्रयोगशाळेला उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, पचवता न येणारे यीस्ट हवे होते. इरा हर्स्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेला हवे होते ते आपला लिंगप्रकार बदलता न येणारे यीस्ट. प्रश्न वेगळे, म्हणून सापडलेल्या जनुकांची नावेही वेगळी पडली: एकीकडे एसएनएफ, दुसरीकडे एसडब्ल्यूआय. पुढे काही वर्षांनी क्रम ताडून पाहिले, तेव्हा एसएनएफ-२ आणि एसडब्ल्यूआय-२ हे एकच जनुक निघाले. साखर पचवणे आणि लिंगप्रकार बदलणे यांचा एकमेकांशी संबंध तो काय? संबंध इतकाच, की दोन्हींसाठी एखादे बंद जनुक चालू करावे लागते आणि त्या वाटेत कुणीतरी अडून बसलेले असते.

कोण अडून बसले आहे, याचा सुगावा १९९२ साली हार्वर्डमधल्या फ्रेड विन्स्टन यांच्या प्रयोगशाळेत लागला. एसएनएफ-२ निकामी झालेल्या यीस्टमधून त्यांनी हिस्टोन नावाची प्रथिने बनवणाऱ्या जनुकांची एक जोडी काढून टाकली. एवढ्याने साखर पचवणारे जनुक पुन्हा बऱ्यापैकी चालू झाले. हिस्टोन कमी केले की एसएनएफ-२ वाचून अडत नाही. तेव्हा एसएनएफ-२ चे काम हिस्टोनांचा अडथळा दूर करण्याचे असणार. तर्क सरळ होता, पण तो तर्कच होता. एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला हलवते, हे दाखवायचे तर ते हलताना पकडावे लागते. इथून पुढची गोष्ट या पकडण्याच्या युक्त्यांची आहे.

आधी अडथळ्याची रचना. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो ज्या पेशीकेंद्रात मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही नसतो. हा डीएनए मोकळा नसतो. चार प्रकारच्या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन असे आठ रेणू एकत्र येऊन एक चकती होते आणि तिच्याभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्या दोनाला थोडे कमी वेढे घेतात. हा न्यूक्लिओसोम. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ साली ही मांडणी सुचवली. १९९७ साली झुरिकमध्ये कॅरोलिन लुगर आणि टिमोथी रिचमंड यांनी स्फटिकावर क्ष-किरण टाकून तिचा जवळपास अणूअणूपर्यंतचा नकाशा दिला. माणसाच्या एका पेशीत असे अंदाजे ३ कोटी न्यूक्लिओसोम असतात. न्यूक्लिओसोम, त्यांना जोडणारा डीएनए आणि त्यांच्यावर बसणारी इतर प्रथिने मिळून जे होते ते क्रोमॅटिन.

त्या नकाशात एक गोष्ट ठळक दिसते. डीएनए हिस्टोनांना चौदा ठिकाणी धरून असतो. एकेक पकड दुबळी, पण चौदा एकत्र आल्या की घट्ट. बोटाभोवती सुतळीचे वेढे घेऊन ती चौदा जागी गोंदाने चिकटवावी आणि मग वेढे न सोडता बोट सुतळीवर पुढे सरकवायला सांगावे, तसा हा पेच आहे. रिमॉडेलर म्हणवली जाणारी प्रथिने एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्चून नेमके हेच करतात. काही न्यूक्लिओसोम सरकवतात, काही तो पुरता उचलून टाकतात, काही एक हिस्टोन काढून त्याच्या जागी दुसऱ्या जातीचा बसवतात.

पण न्यूक्लिओसोमची चकती जेमतेम ११ नॅनोमीटर रुंद आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या पुढे सुरू होते. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती सरकताना पाहण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे या विषयातला सगळा पुरावा अप्रत्यक्ष आहे, आणि प्रत्येक पद्धतीला तिच्या स्वभावाप्रमाणे एकच बाजू दिसते. माझ्या मते या क्षेत्राचा इतिहास वाचण्याची हीच खरी किल्ली आहे. त्या त्या दशकात रिमॉडेलर काय करतात असे मानले गेले, ते त्या दशकात हाताशी असलेल्या पद्धतीवर फार अवलंबून होते.

प्रयोगाला कच्चा माल लागतो. हिस्टोन पूर्वी कोंबडीच्या रक्तपेशींतून किंवा वासराच्या थायमस ग्रंथीतून काढत. तसे काढलेले हिस्टोन मिश्र असतात, कारण पेशीने त्यांच्यावर नाना रासायनिक खुणा आधीच केलेल्या असतात. आता हिस्टोनांचे जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून कोरे हिस्टोन बनवतात. जिवाणूत ते विरघळत नाहीत, त्यांचे गोळे होतात. ते तीव्र रसायनात उलगडायचे, शुद्ध करायचे आणि पुन्हा दुमडू द्यायचे. मग आठांचे अष्टक आणि डीएनए एका नळीत घेऊन मीठ घालतात, थोडेथोडके नव्हे, समुद्राच्या पाण्याच्या तिपटीहून जास्त खारट होईल इतके. एवढ्या मिठात हिस्टोन डीएनएला चिकटत नाहीत. मग कित्येक तास, बहुधा रात्रभर, हळूहळू मीठ उतरवत न्यायचे. आधी एच-३ आणि एच-४ बसतात, मीठ आणखी उतरल्यावर एच-२ए आणि एच-२बी. घाई केली तर न्यूक्लिओसोमऐवजी नुसता चोथा मिळतो.

हिस्टोन डीएनएवर नेमके कुठे बसतील, हा पुढचा प्रश्न. निसर्गातल्या बहुतेक डीएनएवर ते थोडे इकडे, थोडे तिकडे बसतात, आणि सुरुवातच विस्कळीत असली तर सरकणे मोजणार कसे? १९९८ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लोअरी आणि जोनाथन विडम यांनी रसायनांपासून बनवलेल्या अस्ताव्यस्त क्रमांच्या प्रचंड साठ्यातून हिस्टोनांना सर्वांत घट्ट धरणारे तुकडे निवडून काढले. त्यातला एक तुकडा ‘६०१’ या नावाने जगभर पसरला. त्याच्यावर न्यूक्लिओसोम ठरल्या जागीच बसतो. आज रिमॉडेलरवरचा क्वचितच एखादा शोधनिबंध असेल, ज्यात ६०१ नाही.

मला ही सोय थोडी खटकते. ६०१ कोणत्याही सजीवात नाही. तो घट्ट पकडीसाठीच निवडलेला आहे. शिवाय तो दोन्ही बाजूंनी सारखा नाही. ताण दिला की त्याची एक बाजू आधी सुटते, हे २०१५ साली तेकजिप हा यांच्या गटाने दाखवले. रिमॉडेलरांच्या ताकदीबद्दल आणि वेगाबद्दल पाठ्यपुस्तकांत जे आकडे येतात, त्यातले बरेचसे या एका कृत्रिम तुकड्यावर मोजलेले आहेत. आकडे खोटे नाहीत, पण ते कशावर मोजले हे वाचताना विसरू नये.

आता पकडण्याच्या युक्त्या. सर्वांत जुनी युक्ती कात्रीची. डीएनए कापणारी एंझाइमे नळीत टाकायची आणि कुठे कापले जाते, कुठे नाही, ते पाहायचे. न्यूक्लिओसोमवर गुंडाळलेल्या डीएनएची एक कड हिस्टोनांकडे, दुसरी बाहेर असते. डीएनएचा पीळ दर दहाएक बेसजोड्यांनी पूर्ण होतो, म्हणून डीएनेज-१ नावाचे एंझाइम त्याला दर दहा बेसजोड्यांवर कापते आणि तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर शिडीसारख्या समान अंतरावरच्या पट्ट्या उमटतात. मोकळ्या डीएनएवर असा नियम दिसत नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांनी हाच प्रयोग एसडब्ल्यूआय आणि एसएनएफ जनुकांची प्रथिने मिळून होणाऱ्या एसडब्ल्यूआय-एसएनएफ या रिमॉडेलर समूहावर केला, यीस्टच्या आणि माणसाच्या. यीस्टमध्ये क्रेग पीटरसन आणि जेरी वर्कमन, माणसात रॉबर्ट किंग्स्टन आणि मायकेल ग्रीन. न्यूक्लिओसोम, समूह आणि एटीपी एकत्र आले की शिडी पुसट झाली. एटीपी वगळले की शिडी जशीच्या तशी. त्याच वर्षी कार्ल वू यांच्या गटाने फळमाशीच्या भ्रूणांच्या अर्कात अशीच एटीपीवर चालणारी घडामोड दाखवली आणि पुढच्याच वर्षी तिच्यामागचा एनयूआरएफ हा समूह शुद्ध करून मांडला.

एटीपी वगळून केलेला प्रयोग ही इथे नुसती औपचारिकता नाही. एवढा मोठा प्रथिनसमूह न्यूक्लिओसोमला नुसता चिकटला तरी कात्रीचा नमुना बदलू शकतो. म्हणून एटीपीशिवाय एक नळी, एटीपीसारखा दिसणारा पण न फुटणारा रेणू घालून एक नळी, आणि एटीपी फोडणारी खाच जनुकबदलाने बिघडवलेल्या समूहाची एक नळी, अशा साऱ्या नळ्या शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. निबंधाच्या आकृतीत मधली एक पट्टी लक्ष वेधते. पुराव्याचे वजन मात्र बाजूच्या रिकाम्या पट्ट्यांत असते.

शिडी पुसट होण्याचा अर्थ तेव्हा असा लावला गेला, की समूह डीएनए हिस्टोनांवरून सोलून काढतो, न्यूक्लिओसोम मोडतो. अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण अपुरा होता. नळीत अब्जावधी न्यूक्लिओसोम असतात आणि जेलवर दिसते ती त्या सगळ्यांची सरासरी. प्रत्येक न्यूक्लिओसोम अगदी धडधाकट असेल, पण एक चार बेसजोड्यांनी सरकलेला, दुसरा अकरांनी, तिसरा पंचवीसांनी, तरी सरासरीत शिडी पुसटच दिसणार. मोडणे आणि सरकणे यांत या पद्धतीला फरक करता येत नाही.

तो फरक करणे १९९९ साली जमले. वू यांचा गट, जर्मनीत पीटर बेकर यांचा गट आणि स्कॉटलंडमध्ये टॉम ओवेन-ह्यूजेस यांचा गट, तिघांनी त्या एका वर्षात दाखवले की अष्टक अखंड राहते आणि डीएनएवरून सरकते. त्यांचे मुख्य हत्यार अगदी साधे होते: थंड ठेवलेले अ‍ॅक्रिलमाइडचे जेल. डीएनएच्या तुकड्याच्या टोकाशी बसलेल्या न्यूक्लिओसोमला एकच शेपूट असते, मध्यभागी बसलेल्याला दोन्ही बाजूंना. दोन शेपटांचा आकार जेलच्या जाळीत जास्त अडतो आणि मागे राहतो. वजन तेच, डीएनए तोच, तरी पट्टी वेगळ्या उंचीवर. एटीपी घातल्यावर पट्टी खालून वर गेली तर न्यूक्लिओसोम टोकाकडून मध्याकडे गेला. जेलवर चढवण्यापूर्वी मात्र रिमॉडेलरला न्यूक्लिओसोमवरून हुसकावावे लागते. त्यासाठी भरपूर मोकळा डीएनए आणि एडीपी घालतात. नाहीतर दिसणारी पट्टी न्यूक्लिओसोमची नसून त्याला चिकटून बसलेल्या पाहुण्याची असते.

या जेलने एक अनपेक्षित भेद उघड केला. एसडब्ल्यूआय-एसएनएफ न्यूक्लिओसोमला टोकाकडे ढकलतो. एसीएफ नावाचा समूह मध्याकडे आणतो. पहिला जागा मोकळी करणारा, दुसरा सारखे अंतर राखून रांग लावणारा.

एसीएफला मध्य कळतो कसा? या प्रश्नावर ज्यांनी सातत्याने काम केले, त्यांचे आडनाव मराठी वाचकांना परके नाही. गीता नारळीकर, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या कन्या, आयआयटी मुंबईतून रसायनशास्त्र शिकून स्टॅनफर्डला गेल्या, पुढे किंग्स्टन यांच्याकडे एसडब्ल्यूआय-एसएनएफवर काम केले आणि आता सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांची प्रयोगशाळा आहे. रसायनशास्त्रातली शिस्त त्यांच्या कामात दिसते: काय होते याइतकाच, किती वेगाने होते हा त्यांचा प्रश्न असतो. २००६ साली त्यांच्या गटाने न्यूक्लिओसोमच्या बाजूला लोंबणाऱ्या डीएनएची लांबी बदलत नेली आणि दर वेळी वेग मोजला. शेपूट लांब तितका एसीएफ जलद. दोन्ही बाजूंनी अशी ओढ असेल तर लांब बाजू नेहमी जिंकणार आणि न्यूक्लिओसोम आपोआप मध्यावर येणार. मध्य ओळखण्याची वेगळी सोय लागत नाही. वेगांचा हिशेब पुरतो. २००९ साली त्यांनी दाखवले की एसीएफ जोडीने काम करतो, न्यूक्लिओसोमच्या दोन बाजूंना एकेक.

जेलमध्ये तरीही सरासरीच दिसते. एकाच न्यूक्लिओसोमवर नजर ठेवायची तर प्रकाशाची एक वेगळी युक्ती लागते, आणि तिचे तत्त्व थिओडोर फोर्स्टर यांनी १९४० च्या दशकातच मांडले होते. हिस्टोनावर एक रंगद्रव्य, डीएनएच्या टोकावर दुसरे. पहिल्यावर हिरवा लेसर टाकला की त्याची ऊर्जा जवळच्या दुसऱ्याला मिळते आणि ते लाल चमकते. ऊर्जेची ही देवघेव अंतराच्या सहाव्या घाताने घटते; सहा-सात नॅनोमीटरच्या आसपास अंतर किंचित वाढले की लाल मंदावतो, हिरवा उजळतो. न्यूक्लिओसोम काचेवर चिकटवून ठेवायचा, एटीपी सोडायचे आणि दोन रंगांचा आलेख पाहत राहायचे.

गोम अशी, की अष्टकात प्रत्येक हिस्टोन दोनदा असतो. रंगद्रव्य दोन्हींना लागले तर अंतरे दोन आणि आलेख निरर्थक. यातून सुटका रंगद्रव्याच्या एका दोषाने होते. लेसरखाली ते कधीतरी जळून विझते. एकदाच झटक्यात विझले तर एकच रंगद्रव्य होते. दोन पायऱ्यांत विझले तर दोन, तो न्यूक्लिओसोम हिशेबातून बाद. हार्वर्डमधल्या शाओवेइ झुआंग आणि नारळीकर यांच्या गटांनी २००९ साली एसीएफ या पद्धतीने पाहिला. आलेखात सरळ उतार नव्हता. न्यूक्लिओसोम थोडा सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो, कधी उलट फिरतो. पहिला थांबा सातएक बेसजोड्यांनंतर, पुढचे तीनचार बेसजोड्यांनंतर. २०१३ साली आणखी बारकाईने पाहिल्यावर बाहेर पडणारा डीएनए एकेक बेसजोडीने सरकतो असे दिसले. सरासरीत हे सगळे थांबे एकमेकांत मिसळून गेले असते.

रिमॉडेलरचे एटीपी फोडणारे इंजिन न्यूक्लिओसोमवर कुठे बसते, हेही एका सुरेख प्रयोगाने कळले. डीएनएच्या एका धाग्यात एखाद्या बेसची जागा रिकामी ठेवायची, म्हणजे रुळात खाच पाडायची. खाच बहुतेक ठिकाणी असली तरी फरक पडत नाही. पण न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून सुमारे वीस बेसजोड्यांवर, म्हणजे पिळाच्या दोन वेढ्यांवर असली की सरकणे थांबते. अनेक गटांनी वेगवेगळ्या रिमॉडेलरांवर हे करून पाहिले. जागा बहुधा तीच निघाली. म्हणजे इंजिन टोकाला बसून डीएनए ओढत नाही, आत शिरून ढकलते. २०१७ साली चीनमधल्या झुचेंग चेन यांच्या गटाने एसएनएफ-२ चे न्यूक्लिओसोमवर बसलेले चित्र क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढले आणि ते नेमके याच जागी बसलेले दिसले. नमुना द्रव इथेनमध्ये क्षणात गोठवायचा, लाखो कणांची धूसर चित्रे घ्यायची आणि संगणकाने ती जुळवून एक त्रिमितीय आकृती उभी करायची, अशी ही पद्धत. त्याच वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल तिच्या प्रवर्तकांना मिळाले.

पण गोठवलेल्या चित्रालाही त्याची मर्यादा आहे, आणि इथे एक वाद अजून धुमसतो. सगळ्यांनी धरून चालले होते की डीएनए सरकतो आणि हिस्टोनांचे अष्टक दगडासारखे स्थिर राहते. २०१७ साली नारळीकर यांच्या प्रयोगशाळेने अष्टकाच्या आतले हिस्टोन गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडून टाकले. अष्टक खरोखर दगडासारखे असेल तर जखडल्याने काही बिघडायला नको. पण माणसाच्या एसएनएफ-२एच या रिमॉडेलरला असा न्यूक्लिओसोम सरकवता येईना. एनएमआर, म्हणजे चुंबकीय अनुनादाच्या, पद्धतीनेही दिसले की रिमॉडेलर बसल्यावर हिस्टोनांच्या आतल्या भागांची हालचाल बदलते. म्हणजे अष्टक सरकताना थोडे वाकते. दुसऱ्या प्रयोगशाळांच्या काही क्रायो-चित्रांत मात्र ते जवळपास अबाधितच दिसले. मला यात आश्चर्य वाटत नाही. लाखो कणांची सरासरी काढताना जे भाग कणागणिक वेगळे असतात ते पुसले जातात, आणि वाकलेली अवस्था क्षणभरच टिकत असेल तर तिचे कण मुळात थोडे. म्हणून केवळ चित्रांच्या भरवशावर अष्टक दगड ठरवणे मला पटत नाही.

नळीतून आता पेशीत. नळीतले प्रयोग रिमॉडेलर काय करू शकतो ते सांगतात. तो पेशीत प्रत्यक्ष काय करतो, याला वेगळी हत्यारे लागतात. तत्त्व पुन्हा कात्रीचेच, फक्त आता सगळा जीनोम एका दमात वाचता येतो. मायक्रोकॉकल न्यूक्लिएज हे जिवाणूकडून घेतलेले एंझाइम न्यूक्लिओसोमांमधला मोकळा डीएनए खाऊन टाकते. उरलेले तुकडे वाचले की न्यूक्लिओसोम कुठे बसले होते ते समजते. ते एंझाइम ए आणि टी जास्त असलेल्या जागा आधी कापते, आणि जास्त वेळ ठेवले तर न्यूक्लिओसोमही कुरतडते, त्यामुळे एकाच मात्रेवर काढलेल्या नकाशावर विसंबू नये. २०१३ साली स्टॅनफर्डमध्ये विल्यम ग्रीनलीफ आणि हॉवर्ड चँग यांच्या गटांनी एटॅक-सीक आणली. तिच्यात टीएन-५ नावाचे एंझाइम मोकळ्या जागी कापते आणि त्याच घावात वाचनासाठी लागणारी खूणपट्टी चिकटवते. पूर्वी कोट्यवधी पेशी लागत. आता पन्नास हजार पुरतात, त्याहून कमीही चालतात. रुग्णाच्या शरीरातल्या छोट्या तुकड्याचा अभ्यास त्यामुळे शक्य झाला.

रिमॉडेलर स्वतः कुठे आहे, हे पाहणे त्याहून अवघड. फॉर्मल्डिहाइडने सगळे जागच्या जागी चिकटवून प्रतिपिंडाने हवे ते प्रथिन ओढून काढण्याची रीत १९८० च्या दशकापासून आहे. पण बरेच रिमॉडेलर एका जागी मोजके सेकंदच टिकतात, हे जिवंत यीस्टमध्ये एकेका रेणूला चमकवून पाहिल्यावर कळले. फॉर्मल्डिहाइडला लागणाऱ्या मिनिटांत ते येऊन-जाऊन होतात. काही शोधनिबंधांत एखाद्या जनुकाजवळ रिमॉडेलर सापडला नाही म्हणून तो तिथे काम करत नाही असा निष्कर्ष काढलेला दिसतो. तो मला नेहमी घाईचा वाटतो.

म्हणून अलीकडे उलटी वाट जास्त वापरतात: रिमॉडेलर अचानक थांबवायचा आणि काय कोसळते ते पाहायचे. जनुक काढून टाकले तर पेशीला सावरायला दिवस मिळतात, आणि दिसणारे बदल मूळचे की नंतरचे, हे कळेनासे होते. आता अशी औषधे आहेत जी मानवी एसडब्ल्यूआय-एसएनएफच्या बीआरजी-१ या इंजिनाचे एटीपी फोडणे मिनिटांत बंद करतात किंवा ते प्रथिनच नष्ट करवतात. २०२१ साली दोन गटांनी ही औषधे वापरून दाखवले, की जीनोममधल्या असंख्य मोकळ्या जागा लगेच मिटू लागतात. त्याआधी अनेकांच्या मनात चित्र असे होते, की रिमॉडेलर एकदा येऊन जागा मोकळी करतो आणि मग ती मोकळी राहते. प्रत्यक्षात ती सतत राबून मोकळी ठेवावी लागते. औषध धुऊन टाकले की जागा पुन्हा उघडतात.

या सगळ्याला रोगाचीही बाजू आहे. लहान मुलांतल्या रॅब्डॉइड नावाच्या अतिशय आक्रमक गाठींत एसडब्ल्यूआय-एसएनएफ समूहातल्या एसएनएफ-५ चे मानवी भावंड, आयएनआय-१, दोन्ही प्रतींतून गेलेले असते, हे १९९८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी शोधले. पुढे कर्करोगांचे जीनोम वाचले गेले तेव्हा सुमारे २० टक्क्यांत या समूहाचा कोणता ना कोणता घटक बिघडलेला आढळला. निदानाची पद्धत मात्र साधी आहे. गाठीच्या पातळ कापावर आयएनआय-१ चा प्रतिपिंड घालतात. रक्तवाहिन्यांच्या पेशींची केंद्रे तपकिरी होतात, गाठीच्या पेशींची कोरी राहतात. रक्तवाहिन्या रंगल्या नाहीत तर दोष रंगवण्यात आहे, हे लगेच कळते.

नळी आणि पेशी यांच्यातले अंतर किती, हे तपासण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न फिलिप कॉर्बर आणि फ्रँकलिन प्यू यांच्या गटांनी केला. यीस्टचा सगळा जीनोम, १ कोटी २० लाखांच्या आसपास बेसजोड्या, त्यांनी नळीत घेतला, त्यावर मीठ उतरवून न्यूक्लिओसोम बसवले आणि मग त्यांची मांडणी यीस्टच्या खऱ्या नकाशाशी ताडली. नुसत्या मिठाने बसवलेल्यांची मांडणी जुळली नाही. २०११ साली त्यांनी यीस्टचा अर्क आणि एटीपी घातले तेव्हा बरीचशी जुळली. अर्कात नेमके कोण काम करत होते? २०१६ साली त्यांनी अर्काऐवजी शुद्ध केलेले रिमॉडेलर एकेक करून घातले. आरएससीने जनुकांच्या सुरुवातीच्या जागा मोकळ्या केल्या, आणि त्यासाठी त्याने डीएनएतल्या सलग ए-टीच्या पट्ट्यांचा आधार घेतला. आयएनओ-८० ने एकट्याने जनुकाचा पहिला न्यूक्लिओसोम बऱ्याच ठिकाणी योग्य जागी बसवला. आयएसडब्ल्यू-१ए ने पुढची रांग खऱ्या यीस्टइतक्या अंतरावर लावली, म्हणजे एका मध्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे १६५ बेसजोड्या.

या प्रयोगात ६०१ नव्हता. सगळा डीएनए यीस्टचा होता. पण नळीत आरएनए बनवणारे यंत्रही नव्हते, आणि जिवंत यीस्टमध्ये ते यंत्र प्रत्येक चालू जनुकावरून न्यूक्लिओसोम ओलांडत जात असते. त्याने दर फेरीत रांग किती विस्कटते आणि रिमॉडेलर ती किती वेळात पुन्हा लावतात, हे मोजायचे तर ही दोन्ही यंत्रे एकाच नळीत, एकाच वेळी, पूर्ण जीनोमवर चालवावी लागतील.